इथपर्यंत तुमचं

चेहऱ्यावरचा वण काढून द्या म्हणून आलेल्या बहुतेक माणसांना मी पहिल्या भेटीत परत पाठवतो. टाके निघून दोन महिने झालेले असतात, वण लालभडक, टणक, खाजरा आणि माणूस हवालदिल. त्याला सांगावं लागतं की काम अजून चालू आहे. कातडीत कोलॅजन तयार होतंय, मोडलं जातंय, पुन्हा रचलं जातंय. वर्षभर, कधी दीड वर्षही हे चालतं. मग वण मऊ पडतो, फिकट होतो आणि यातले बरेचजण परत येतच नाहीत. दुसरी गोष्ट सांगतो ती कुणालाच आवडत नाही. वण जात नाही. मी जुना कापून काढतो आणि त्या जागी नवा करतो. फक्त तो बारीक असतो आणि कमी नजरेत भरेल अशा दिशेने जातो. ‘प्लास्टिक सर्जरीतही टाके घालतात?’ हा प्रश्न मला पोलीस भरतीच्या पोरांपासून निवृत्त प्राचार्यांपर्यंत सगळ्यांनी विचारलाय.

ही बाई आली तेव्हा यातलं काहीच सांगायची गरज नव्हती. जखमेला सव्वा वर्ष होऊन गेलं होतं. (ओळख पटेल असे तपशील मी बदललेत.) आमच्या कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यातली, पस्तिशीच्या आतबाहेरची. बांधावरून चुलत दिराशी भांडण, कोयता उगारला नवऱ्यावर, मध्ये गेली ही. डाव्या डोळ्याच्या खालच्या पापणीपासून वण सरळ खाली तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत आलेला. दोन्ही बाजूंना टाक्यांच्या आडव्या खुणा, रेल्वेच्या रुळासारख्या.

त्या खुणा बघितल्या की मला अजून राग येतो. चेहऱ्याला 5-0 किंवा 6-0 चा, अगदी बारीक, नायलॉनचा धागा वापरायचा, आतले थर आधी जुळवून घ्यायचे म्हणजे वरच्या टाक्यावर ताण येत नाही, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी टाके काढून टाकायचे. इथे जाड रेशीम वापरलेलं, एकाच थरात, आणि काढलं बारा-तेरा दिवसांनी. एवढ्या दिवसांत टाक्याच्या भोकातून आत कातडी वाढते आणि ती खूण जन्माची राहते. कोयत्याचा वण एक, टाक्यांचे वण वीस. रात्री दोनला कॅज्युअल्टीत एकटा असलेला मुलगा काय करणार, शेजारच्या खाटेवर विष प्यायलेला माणूस असेल, हे मला कळतं. पण सकाळी कुणाला तरी बोलावता आलं असतं. चेहऱ्याची स्वच्छ जखम चोवीस तासांपर्यंत आरामात शिवता येते. हे एमबीबीएसला शिकवतात, आणि इंटर्नशिपमध्ये ‘लवकर आटप’ हे त्यापेक्षा पक्कं शिकवतात.

खरी अडचण डोळ्याची होती. उभा वण आकसतो तो लांबीत. वरचं टोक पापणीत अडकलेलं, म्हणून पापणी खाली ओढली जाऊन बाहेर उलटली होती. तिला वर बघून तोंड उघडायला सांगितलं. असं केलं की गालाची कातडी ताणते, आणि दोष वणाचा असेल तर पापणी आणखी खाली येते. आली. अश्रू ज्या छिद्रातून नाकात जातात ते छिद्रच डोळ्यापासून सुटलेलं, त्यामुळे सतत पाणी. रात्री डोळा पुरता मिटत नव्हता. नेत्रतज्ज्ञांनी फ्लुरोसीन या रंगाचा थेंब टाकून निळ्या उजेडात पाहिलं तर बुबुळाचा खालचा भाग हिरव्या ठिपक्यांनी भरलेला. म्हणजे बुबुळावरचं पारदर्शक काचपटल कोरडं पडून सोलवटायला लागलं होतं. हे असंच राहिलं तर जखम, जंतू, फूल. वणाची शस्त्रक्रिया कधीच तातडीची नसते असं मी विद्यार्थ्यांना सांगत आलोय, तिचा हा अपवाद.

मी खूश झालो, हे लिहायला हरकत नाही. शस्त्रक्रियेसाठी इतका चांगला वण क्वचित मिळतो. व्हिएन्नाच्या लांगर नावाच्या शरीररचनाशास्त्रज्ञाने 1861 मध्ये मृतदेहांच्या कातडीला गोल टोच्याने भोकं पाडून पाहिली. भोकं गोल राहिली नाहीत, लांबट झाली, आणि प्रत्येक भागात ठरावीक दिशेने. कातडीला ताणाच्या दिशा असतात. त्यांच्या बाजूने गेलेला वण सुरकुतीत मिसळून जातो, त्यांना छेदणारा रुंद होतो, ओढतो, दिसतो. हा वण बऱ्याच ठिकाणी त्या रेषांना छेदून गेला होता. मी कागदावर आराखडा काढला. वण काढायचा आणि त्या ओळीत छोट्या छोट्या ‘झेड’ आकाराच्या चिरा घेऊन कातडीचे त्रिकोण अदलाबदल करायचे. साठ अंशांच्या एका झेडने लांबी हिशेबात पंच्याहत्तर टक्के वाढते. प्रत्यक्षात थोडी कमी. ओढ सुटते, पापणी वर जाते, सरळ रेघ मोडते आणि डोळा तिचा माग काढू शकत नाही. एकाच बैठकीत डोळाही आणि गालही.

नवरा लगेच म्हणाला, “सगळंच करून टाका साहेब.”

ती म्हणाली, “डोळ्याचं करा. गालाला हात लावू नका.”

मला वाटलं घाबरली असेल. खर्च नाही, भूल फक्त तेवढ्या भागाची, वगैरे सांगू लागलो. तिने मला पुरतं बोलू दिलं आणि मग सांगितलं की कोर्टात तिची साक्ष अजून व्हायची आहे.

इथे थोडं कायद्याचं सांगायला हवं, कारण आम्हा डॉक्टरांच्या दाखल्यांवर किती अवलंबून असतं हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. पहिल्या रात्रीच्या दाखल्यावर ‘साधी दुखापत’ लिहिलं होतं. हाड मोडलेलं नाही, डोळा शाबूत, म्हणून साधी. त्यावर लागतं भारतीय दंड संहितेचं कलम 324, शिक्षा जास्तीत जास्त तीन वर्षं. दुखापत गंभीर ठरली तर 326, शिक्षा दहा वर्षांपर्यंत, अगदी जन्मठेपही. गंभीर म्हणजे काय याचे आठ प्रकार कलम 320 मध्ये दिलेत, त्यातला सहावा म्हणजे डोकं किंवा चेहरा कायमचा विद्रूप होणं. 1 जुलै 2024 पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, ते आठ प्रकार कलम 116 मध्ये गेले, पण तिच्यावरचा हल्ला त्याआधीचा, म्हणून खटला जुन्या कलमांखालीच. पुढे कुणीतरी दाखल्यावरचं मत बदलून घेतलं आणि 326 लागलं. भावकीतून ‘मिटवून टाका’ चालूच होतं, आणि नवऱ्याच्या ‘सगळंच करून टाका’मध्ये ते ऐकू येत होतं असं मला आता वाटतं.

मी फोटोंचा उपाय सुचवला. समोरून, दोन्ही बाजूंनी, तिरके, डोळे मिटून, वर बघून, बाजूला मोजपट्टी धरून, तारखेसह. सोबत जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 65-ब चं प्रमाणपत्र देईन म्हणालो, इलेक्ट्रॉनिक पुराव्याला असं प्रमाणपत्र लागतं. पोलिसांनी काढलेले फोटो मी पाहिलेत. मोबाईलवरचे, ट्यूबलाइटखाली, निम्मा गाल अंधारात. माझे फोटो त्यापेक्षा कितीतरी बरे असते.

“फोटूला कोण इचारतंय डाक्टर,” ती म्हणाली. “जज्जसाहेब माझ्या तोंडाकडं बघत्याल. तवा तिथं काय तरी दिसाय नको?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण पिंजऱ्यात मी अनेकदा उभा राहिलोय आणि न्यायाधीश काय करतात ते मला माहीत आहे. ते दाखला वाचतात आणि मग मान वर करून बघतात.

त्याच आठवड्यात आणखी एक गंमत झाली. शस्त्रक्रिया सरकारी योजनेतून करायची म्हणून फोटो आणि अहवाल पाठवले. पलीकडून शंका आली, हे सौंदर्यासाठी आहे का? सौंदर्याला पैसे मिळत नाहीत. मी काचपटलाचा अहवाल जोडला, डोळा मिटत नसल्याचा फोटो जोडला, तेव्हा मंजुरी आली. म्हणजे योजनेच्या लेखी पापणी खरी, गालावरचं सगळं हौसेचं. आणि कोर्टाच्या फायलीत गालासकट तो सबंध चेहरा गंभीर दुखापत. या दोन कागदांमधली सीमा मला त्यांच्यावर सही करूनही दिसली नव्हती. शाळा सातवीत सोडलेल्या बाईने ती माझ्या आधी आखली होती.

संमतीपत्रावर मी हाताने लिहिलं: ‘गालावरील व्रण दुरुस्त करणे शक्य असल्याचे समजावले. न्यायालयीन प्रकरण प्रलंबित असल्याने रुग्णास ते नको आहे.’ तिची सही घेतली. असं लिहून ठेवायची सवय मला मुद्दाम लागली आहे. रुग्णाने होकार दिला त्याच्या पलीकडे, केवळ बरं होईल म्हणून काही करायचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केलंय. अनेक सर्जनांना ते अजून पचलेलं नाही. ‘पोट उघडलंच आहे तर’ हे आमचं आवडतं वाक्य.

शस्त्रक्रियेच्या दिवशी खुणा बसवूनच करायच्या असतात, आडवं केलं की पापणीची ओढ कमी दिसते. आणि सुई टोचण्याआधी, कारण औषधाने कातडी फुगली की सगळी मापं चुकतात. ती स्टुलावर बसली होती, हातात आरसा. मी जेन्शन व्हायोलेटने पापणीखाली आखलं. तिने आरशात पाहिलं, माझ्या हातातली काडी मागितली आणि गालावर, पापणीपासून साधारण दोन बोटं खाली, स्वतः एक आडवी रेघ ओढली.

“इथपर्यंत तुमचं. हितनं खाली माझं.”

रेघ ओढलेली जागा थोडी गैरसोयीची होती. मला आणखी अर्धा सेंटिमीटर मिळाला असता तर कातडी सोडवायला सोपं गेलं असतं. मी मागितला नाही.

पापणीच्या केसांच्या खाली आडवी चीर घेतली, वण तिथेच तोडून वरचा तुकडा काढला, पापणी अलगद वर जागेवर आली. खाली जी मोकळी जागा पडली तिला कानामागची पूर्ण जाडीची कातडी लावली. ती रंगाने आणि पोताने चेहऱ्याला सर्वात जवळची, आणि तिथला वण कानाआड जातो. तुकडा गरजेपेक्षा मोठा घेतला, कारण तो आकसतोच. राहिलेला वण पुन्हा खाली ओढेल ही भीती होती, म्हणून गालाची वरची कड आतून डोळ्याच्या खोबणीच्या हाडावरच्या आवरणाला टाक्याने अडकवली. शेवटी पापणीतून एक टाका घेऊन तो कपाळाला चिकटवला, पाच दिवस ती वर ताणून राहावी म्हणून. या आतल्या टाक्याचा मला अभिमान आहे. तो कुणाला दिसणार नाही, पण पापणी आज जागेवर आहे ती त्याच्यामुळे.

हे सगळं होईपर्यंत हिरव्या कापडाच्या चौकोनात बाकीचा वण माझ्यासमोर होता. भूल तिथवर पसरलेली, हत्यारं उघडलेली. सिस्टर हळूच म्हणाल्या, “सर, थोडं खालीही घ्या की. बरं दिसेल बिचारीला.” गुंगीच्या औषधातही तिने ते ऐकलं असावं. कापडाखालून आवाज आला, “रेघ वलांडली न्हाई न्हवं?”

“नाही,” म्हणालो.

पाचव्या दिवशी ड्रेसिंग सोडलं, कातडी गुलाबी, धरलेली. महिन्याभरात डोळा पूर्ण मिटू लागला, पाणी थांबलं, काचपटलावरचे ठिपके गेले. ती समाधानी, नेत्रतज्ज्ञ समाधानी. वरच्या भागाला सिलिकॉन जेल आणि मालिश सांगितलं होतं, ते ती नेमाने करते, रेघेच्या वरच.

पण वरची ओढ सुटल्यावर खालचा वणही सैलावला. शिवाय काळ जातोय. खटल्याच्या तारखा पडतायत आणि वण फिकट होत चाललाय. मागच्या तपासणीला तिने विचारलं, “ह्यो आपसूक पुसट हुतोय का?” मी म्हटलं, थोडा होणार, पण टाक्यांच्या खुणा राहतील. एरवी हे वाक्य मी कानकोंडा होऊन बोलतो. तिला ते ऐकून बरं वाटलं. मला आठवत नाही की आणखी कुणाला वाटलं असेल.

आता मलाही समन्स आलंय. बचावाचा वकील काय विचारणार ते मी आत्ताच सांगू शकतो, कारण चेहऱ्याच्या प्रत्येक केसमध्ये तो प्रश्न असतो: ‘डॉक्टर, हा व्रण शस्त्रक्रियेने कमी करता येतो, हे खरं आहे का?’ नेहमी मी म्हणतो, कमी होतो, नाहीसा होत नाही, आणि विषय संपतो. या वेळी संपणार नाही. फाईलमध्ये माझ्याच अक्षरात लिहिलंय की शक्य होतं, समजावलं होतं, आणि न्यायालयीन प्रकरणासाठी तिने नाकारलं. विद्रूपपणा फिर्यादीने जपून ठेवला, असं त्याला त्या ओळीवरून म्हणता येईल. ती ओळ लिहिली नसती तर वैद्यकीयदृष्ट्या मी उघडा पडलो असतो. लिहिली तर ती उघडी पडतेय.

सरकारी वकिलांना फोन केला. ते म्हणाले, विचारतील तेवढंच बोला. त्यांच्याकडे अशा पन्नास फायली असतील, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. खोटं मी बोलणार नाही. पण ‘का नाही केलं’ एवढंच विचारून वकील खाली बसला, तर गालावरच्या त्या रेघेबद्दल सांगायला मला कुणी वेळ देणार आहे का, ते माहीत नाही. तारखेच्या आधी तिची एक तपासणी आहे. साक्षीदारांनी आपसात साक्षीबद्दल बोलू नये म्हणतात, आणि ती माझी रुग्ण आहे, तिच्या कागदात काय लिहिलंय ते तिला समजायला हवं. तिला सांगायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही.