नव्या पार्टनरबरोबर शून्यापासून : माझा अनुभव

बॅडमिंटनचं जागतिक रँकिंग दर मंगळवारी येतं. एकेरीवाल्यांच्या ओळीत एक नाव असतं, आमच्या ओळीत दोन. आठ वर्षं दुहेरी खेळूनही या दोन नावांची भानगड मला नीट कळली नव्हती, कळली ती माझ्या पार्टनरचा गुडघा गेला तेव्हा.

झालं असं की क्वार्टरफायनल होती, दुसरा गेम, ती मागच्या कोपऱ्यातून स्मॅश मारून खाली उतरली आणि मी पुढे नेटजवळ, म्हणजे मला काही दिसलंच नाही, नुसता आवाज आला, पुढचं शटल माझ्या डोक्यावरून गेलं आणि ते घ्यायला मागे कोणीच नव्हतं. वळून बघते तर ती खाली बसलेली. एसीएल, म्हणजे गुडघ्यातला लिगामेंट तुटला होता. ऑपरेशन करावं लागेल आणि नंतर नऊ-दहा महिने तरी मॅच विसरा, असं डॉक्टरांनी सांगितलं.

पहिले काही दिवस फक्त तिचंच टेन्शन होतं. दुसऱ्या आठवड्यात, खोटं कशाला बोलू, स्वतःचं सुरू झालं. कारण दुहेरीत रँकिंगचे पॉइंट जोडीचे असतात. मागच्या ५२ आठवड्यांतले सगळ्यात चांगले १० रिझल्ट धरायचे आणि बेरीज करायची, पण ती बेरीज तिची आणि माझी मिळून एकच. उद्या मी दुसऱ्या कुणाबरोबर उतरले की त्या नव्या जोडीच्या नावावर भोपळा. आणि जुनी ओळ लिस्टमध्ये तशीच पडून असते, दर थोड्या आठवड्यांनी वर्षापूर्वीच्या एखाद्या स्पर्धेचे पॉइंट गळतात आणि आपलं नाव काही न करता खाली खाली सरकत राहतं. एकेरी खेळणारी एक मैत्रीण म्हणाली, "तू तर फिट आहेस ना, मग अडतंय कुठं?" तिला समजावता समजावता मीच दमले.

त्या दिवसांत ग्रेसिया पोली डोक्यात असायची. इंडोनेशियाची दुहेरीची खेळाडू. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मुद्दाम हरायचा प्रयत्न केला म्हणून महिला दुहेरीच्या चार जोड्या बाहेर काढल्या त्यात ती होती. नंतर नित्या महेश्वरीबरोबर छान जमलं, तर नित्याला दुखापत. मग २०१७ मध्ये अप्रियानी रहायू नावाच्या, जवळजवळ अकरा वर्षांनी लहान मुलीबरोबर जोडी लावून दिली आणि २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये दोघींनी सीडिंग नसताना, म्हणजे वरच्या मानांकित जोड्यांत नाव नसताना, गोल्ड नेलं. हे ऐकायला भारी वाटतं. पण मी कोचसरांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, २०१७ ते २०२१ मध्ये वर्षं किती होतात ते मोज आधी. मी गप्प.

सरांनीच नवीन नाव सुचवलं. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, उंच, डावखुरी, एकेरी सोडून नुकतीच दुहेरीत आलेली. मला डावखुरी पार्टनर म्हटल्यावर आनंदच झाला, सगळ्यांना हवी असते. प्रत्यक्षात पहिल्याच आठवड्यात आमच्या रॅकेट एकमेकींवर आपटल्या आणि माझ्या फ्रेमला चीर गेली. गंमत अशी आहे की मी डावीकडे आणि ती उजवीकडे उभी असेल तर दोघींचे फोरहँड मध्ये येतात, दोघीही मारायला धावतात. जागा उलट झाल्या की दोघींचे बॅकहँड मध्ये, मग कोणीच जात नाही, आणि समोरच्या बायका काय मूर्ख नसतात, त्या सगळं मधेच मारतात. आधीची पार्टनर माझ्यासारखीच उजव्या हाताची होती, मधलं कुणाचं हे आम्ही कधी बोललोसुद्धा नव्हतो, आपोआप ठरलेलं होतं.

त्यात ही मला ताई म्हणायची. म्हणजे म्हणू दे, पण महिनाभर मला कळत नव्हतं की ही मधली एवढी सोपी शटलं का सोडतेय. शेवटी एकदा चिडून विचारलं तर खाली मान घालून म्हणते, "ताई, मला वाटलं तुम्ही घ्याल." कपाळावर हात मारला! कोर्टवर माझा मान ठेवत होती! त्या दिवशी ठरवलं की रेषेच्या आत ताई नाही आणि तुम्ही पण नाही, फक्त "माझं" आणि "तुझं", आणि जी आधी ओरडेल तिचं, दुसरीनं रॅकेट खाली घ्यायची, चुकलं तरी. तिला "तुझं!" म्हणून माझ्यावर ओरडायला जमेपर्यंत आणखी दोन आठवडे गेले. रेषेबाहेर आलो की परत ताई.

खेळायला सुरुवात खालून केली. इंटरनॅशनल सिरीज, मग इंटरनॅशनल चॅलेंज. छोटे हॉल, एका दिवसात दोन-दोन मॅच, समोर सतरा-अठरा वर्षांच्या मुली ज्यांना हरण्याची काही भीतीच नाही. पैशाचं तर बोलूच नका. वरच्या लेव्हलला सुपर ३०० किंवा ५०० जिंकलं तरी एकेरीच्या विजेतीला एकूण बक्षिसाचे ७.५ टक्के आणि दुहेरीच्या जोडीला ७.९ टक्के, ते आम्ही अर्धे अर्धे करायचे. प्रवास, स्ट्रिंगिंग, फिजिओ हे मात्र अर्धं होत नाही. अर्धी होते ती फक्त हॉटेलची खोली, आणि त्यात ही मुलगी पाच अलार्म लावून एकालाही उठत नाही.

सर्व्हिसचं सांगायलाच पाहिजे कारण आमचं निम्मं वर्ष तिथं गेलं. एकेरीतून आलेल्यांना उंच, लांब सर्व्हिसची सवय असते. दुहेरीत सर्व्हिसचा चौकोन मागून ७६ सेंटीमीटरनं आखूड आहे, त्यामुळे अर्धवट उंच सर्व्हिस म्हणजे समोरचीला स्मॅशचं आमंत्रण. नेटला चाटून जाणारी आखूड सर्व्हिसच पाहिजे. आणि २०१८ पासून नियम असा की मारताना अख्खं शटल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली हवं. आधी कंबरेचा हिशोब होता तेव्हा उंच खेळाडूंना जरा मोकळीक होती, आता सगळ्यांना एकच रेघ. माझी मुलगी (मी तिला असंच म्हणते आता) टेन्शन आलं की हात नकळत वर घ्यायची.

एका इंटरनॅशनल चॅलेंजला दुसरी फेरी, तिसरा गेम, १९-१९, सर्व्हिस तिची. मी मागे उभी. तिच्या कोपराकडे बघूनच मला कळलं होतं की हात वर आलाय, पण त्या क्षणी बोलणार काय? सर्व्हिस जजनं फॉल्ट दिला. १९-२०. पुढची रॅली बारा-तेरा शॉटची झाली आणि मी नेटमध्ये मारलं. म्हणजे मॅच खरं तर मी घालवली, पण रडली ती. बॅग भरताना मला म्हणाली, "तुम्ही दुसरी कुणी शोधा." मला खूप बोलायचं होतं, सुचलं काहीच नाही, मी म्हटलं उद्या सकाळी सातला ये.

दुसऱ्या दिवसापासून भिंतीवर १.१५ मीटरला टेप चिकटवली, नेटच्या वर थोड्या अंतरावर दोरी बांधली, आणि नेट आणि दोरीच्या मधून रोज दोनशे सर्व्हिस. शेवटच्या वीस असल्या की मी मागून मुद्दाम बडबड करायचे, शिंकायचे, बॉटल पाडायचे. चिडायची, पण हात खाली राहायला लागला.

दहाव्या महिन्यात एका सुपर ३०० ची एंट्री टाकली. लिस्ट आली तर आम्ही क्वालिफायिंगमध्ये, म्हणजे मुख्य स्पर्धेआधीच्या पात्रता फेरीत. आठवडाभर आधी वरच्या एका जोडीनं नाव काढलं, मग आणखी एका, आणि एका संध्याकाळी लिस्ट उघडली तर आम्ही मेन ड्रॉच्या ३२ जोड्यांत! दुसऱ्या कुणाच्या तरी दुखापतीमुळेच, हेही डोक्यात आलं, पण आनंद झाला तो झालाच. पहिली फेरी तीन गेमची झाली. महिला दुहेरीत सगळ्याच प्रत्येक शटल उचलतात, पॉइंट लवकर मरत नाही. २०१६ च्या आशियाई बॅडमिंटन अजिंक्यपद स्पर्धेत एक मॅच १६१ मिनिटं चालली होती, तीही पोली-महेश्वरीचीच, जपानच्या जोडीविरुद्ध. आमची तिच्या निम्मीसुद्धा नव्हती तरी नंतर मला जिना उतरवत नव्हता. जिंकलो. तिसऱ्या गेमला १८-१८ वर सर्व्हिस तिची होती आणि मी मागे शटलकडे न बघता तिच्या कोपराकडेच बघत होते. खाली होतं.

पुढच्या फेरीत सीडेड जोडीनं आम्हाला अर्ध्या तासात गुंडाळलं, ते असो.

थोड्या दिवसांनी एका मंगळवारी जुन्या पार्टनरचा स्क्रीनशॉट आला. आमच्या जुन्या जोडीचे शेवटचे पॉइंट गळले होते, सर्च केल्यावर काहीच येत नव्हतं. खाली तिनं एवढंच लिहिलं होतं, "संपली बघ आपली गोष्ट." मी बराच वेळ टाइप करून पुसत बसले. शेवटी फोनच केला. तर ती म्हणाली, परवापासून कोर्टवर उतरायला परवानगी मिळालीय, पळायचं नाही पण उभं राहून फीडिंग, म्हणजे सरावाला शटल टाकून देणं, करू शकते, येऊ का तुमच्याकडे?

आली. गुडघ्याला पट्टा, हातात डझनभर शटल. आणि पहिलंच शटल तिनं आमच्या दोघींच्या बरोब्बर मधोमध टाकलं, मुद्दाम, मला ओळखते ती. मी सवयीनं पुढे सरकले तर शेजारून "माझं!" म्हणून एवढ्या जोरात ओरडा आला की मी दचकून रॅकेट खाली घेतली.