गेरूचं पक्कं बिल

वारली, सिंधुदुर्गातल्या पिंगुळी गावची चित्रकथी आणि बिहारची मधुबनी या तीन लोककला शाळेत शिकवताना अडलं ते फक्त एका ठिकाणी, साहित्याच्या मंजुरीत. अर्ज शेरा मारून परत आला: ‘तीन दरपत्रके व जीएसटी क्रमांकाचे पक्के बिल जोडावे.’ आठवडी बाजारात गोणीतला सुटा गेरू विकणारा माणूस पक्कं बिल कुठून देणार? कागद टेबलावरून टेबलावर फिरत राहिला आणि पावसाळा लागला. याचा राग अजून आहे, कारण कोकणात उन्हाळ्यात तासाभरात सुकणारा, वारली चित्राखालचा गेरूचा हात श्रावणात दोन दिवस ओलसर राहतो. त्या ओल्यावर पांढरी रेघ ओढली की ती गुलाबी होऊन पसरते.

म्हणून अर्जात ‘लोककला साहित्य’ असं मोघम लिहूच नका. ‘चित्रकला वर्गाचे साहित्य’ लिहा आणि प्रत्येक वस्तूपुढे वजन टाका: ४० मुलांना गेरू १ किलो, बाभळीचा डिंक २०० ग्रॅम, ए-३ आकाराचे पुठ्ठे ४०. गेरू रंगाच्या दुकानातून घ्या, तिथे बिल मिळतं. पांढऱ्या रंगासाठी लागणारा तांदूळ यादीत नकोच. धान्य दिसलं की पोषण आहाराशी गल्लत होते आणि नवा शेरा येतो. मुलांनी घरून मूठमूठ आणावा.

तांदूळ रात्रभर भिजवून गंधासारखा वाटायचा, फडक्यातून गाळायचा, त्यात डिंकाचं पाणी घालायचं. डिंक कमी पडला तर रेघ भुकटी होऊन गळते, जास्त झाला तर तडकते. हे पांढरं त्याच दिवशी संपवा, दमट हवेत दुसऱ्या दिवशी आंबतं. कुंचला म्हणून टोक ठेचलेली बांबूची काडी पुरते.

मुलं हमखास वारलीला मधुबनीची किनार लावतात. वारलीत मोकळी जागा बोलते, मधुबनीत दुहेरी रेघेच्या आत-बाहेर जागा रिकामी सोडत नाहीत. दोन्ही एका पुठ्ठ्यावर नकोत. वारलीतला लग्नचौक, म्हणजे लग्नात भिंतीवर काढायचं चौकोनी चित्र, सुवासिनी काढतात आणि त्यात पालघट देवी असते, हे आधी सांगा, मग माणसांच्या आकृतीचे त्रिकोण शिकवा.

चित्रकथीला जोड्या करा: एकाने चित्र धरायचं, दुसऱ्याने रामायणातला प्रसंग सांगायचा. पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्र दाखवत कथा गातात. नुसतं चित्र रंगवून घेतलं तर कला अर्धीच शिकवली. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, हेही मुलांना सांगा.

आणि हो, बिलावर शाळेचं नाव दुकानातच लिहून घ्या. नाव नसलेलं बिलही परत येतं.