पीसीआर म्हणतंय आहे, जीनोम म्हणतोय नाही

परळच्या एका हॉस्पिटलच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये आहे मी, काम जीनोम बघायचं. आयसीयूतून क्लेब्सिएला या बॅक्टेरियाचे आयसोलेट (पेशंटच्या सॅम्पलमधून वेगळे वाढवलेले बॅक्टेरिया) येतात, सिक्वेन्सिंग झालं की कुठला रेझिस्टन्स जीन (अँटिबायोटिकला दाद न देण्याचा) क्रोमोसोमवर, म्हणजे बॅक्टेरियाच्या मुख्य डीएनएवर, आणि कुठला प्लाझ्मिडवर, म्हणजे बाजूच्या सुट्या डीएनएच्या गोलावर, हे मी शोधते. पेशंटची ट्रीटमेंट आमच्यासाठी थांबत नाही हां, ती कल्चर आणि पीसीआरवर (ठराविक जीन आहे की नाही ते सांगणारी टेस्ट) कधीच सुरू झालेली असते. आमचं उत्तर इन्फेक्शन कंट्रोलवाल्यांना लागतं, कारण जीन प्लाझ्मिडवर असेल तर तो एका बॅक्टेरियातून दुसऱ्यात उडी मारू शकतो, मग नुसतं एकाच स्ट्रेनच्या मागे लागून भागत नाही.

तर जुलैमधला दिवस. एका आयसोलेटचं पीसीआर ऑक्सा-48 ग्रुपला (कार्बापेनेम अँटिबायोटिक निकामी करणारे जीन) पॉझिटिव्ह, आणि लाँग रीडवरून (डीएनएचे लांब तुकडे वाचून) केलेली असेंब्ली, म्हणजे तुकडे जुळवून उभा केलेला जीनोम, एकदम देखणी: 53 लाख बेसचं क्रोमोसोम एका गोलात बंद, दोन मोठी प्लाझ्मिड तीही बंद, आणि ऑक्सा जीन कुठेच नाही! अशी असेंब्ली बघितली की माणूस विश्वासच ठेवतो. एक सीनियर सर म्हणाले पीसीआरमध्ये कंटॅमिनेशन असेल, रिपीट करा. केलं. परत पॉझिटिव्ह, कंट्रोल स्वच्छ. पीसीआर करणारे काका वैतागून म्हणाले, "मॅडम, माझ्या हाताला दोष देऊ नका, तुमच्या कॉम्प्युटरला विचारा." बरोबरच होतं त्यांचं.

बाहेर पाऊस कोसळत होता, सायन-कुर्ल्याला रुळावर पाणी, म्हणजे घरी जायचं नाव नाही. मग त्याच आयसोलेटचे शॉर्ट रीड उघडले, जे सहसा मी शेवटी बघते, कारण 150 बेसच्या तुकड्यांनी मोठं प्लाझ्मिड कधी नीट जुळत नाही, आयएस26 सारखा 820 बेसचा रिपीट, म्हणजे तोच तुकडा, मध्ये चार ठिकाणी आला की असेंब्ली तिथे तिथे तुटते आणि कुठला तुकडा कुठल्या प्लाझ्मिडचा ते कळत नाही. असेंब्लीचा ग्राफ बॅन्डेजमध्ये (तो चित्रात दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकला. नेहमीचा गुंता, आणि बाजूला एक सुटं छोटंसं गोल, साधारण 6.1 हजार बेसचं, कव्हरेज (तो भाग किती वेळा वाचला गेला) क्रोमोसोमच्या कितीतरी पट, म्हणजे एका पेशीत त्याच्या बऱ्याच कॉपी. प्लाझ्मिडफाइंडर या टूलने रेप्लिकॉन, म्हणजे प्लाझ्मिडचा प्रकार, सांगितला: कोलकेपी3. त्याच्यावर ऑक्सा-232, ऑक्सा-48 ग्रुपमधलाच जीन. भारतातल्या क्लेब्सिएलात हे जोडपं काही नवीन नाही, म्हणून तर मला आधी नुसता 6.1 हजारचा आकडा बघूनच संशय आला होता.

मग लाँग रीडमध्ये ते गेलं कुठे? आपल्या लाँग रीडच्या लायगेशन किटमध्ये अॅडॅप्टर (ज्याच्याशिवाय मशीन तुकडा वाचत नाही) डीएनएच्या टोकाला चिकटतो. मोठं प्लाझ्मिड काढताना कुठेतरी तुटतं, त्याला टोकं मिळतात. एवढंसं गोल तुटतच नाही, बांगडीला टोक कुठून आणायचं! कच्चे लाँग रीड या प्लाझ्मिडवर मॅप करून बघितले, जेमतेम काहीतरी लागले, तेवढ्यावर असेंब्लरने ते धरलंच नाही. ट्रान्सपोसेस हे डीएनए कापणारं एन्झाइम वापरणाऱ्या रॅपिड किटमध्ये गोल स्वतःच कापलं जातं, तिथे हे छोटे सापडतात.

आमच्या सीनियर मॅडमना रात्री फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न, "हे स्वतःहून दुसऱ्यात जातं का गं?" नाही. त्याच्यावर मोबिलायझेशनचे जीन आहेत, पण कॉन्जुगेशनची, म्हणजे एका बॅक्टेरियातून दुसऱ्यात डीएनए पाठवायची, यंत्रणा नाही, शेजारी दुसरं कॉन्जुगेटिव्ह प्लाझ्मिड असेल तर त्याच्या मदतीने जाऊ शकतं. आणि आमच्या त्या दोन मोठ्यांपैकी एकावर ट्रान्सफरचे जीन बऱ्यापैकी शाबूत होते, त्यामुळे मॅडम जरा वेळ गप्पच.

दुसऱ्या दिवशी इन्फेक्शन कंट्रोलला कळवलं, त्याच आयसीयूतले ई. कोलायसुद्धा पीसीआरला लावायला सांगितले. रिपोर्टमध्ये "जीन सापडला नाही" लिहिण्याआधी शॉर्ट रीड बघायचेच असं आता ठरलंय. ज्या जुन्या आयसोलेटचं फक्त लाँग रीड झालंय त्यांची यादी काढलीय, ते रॅपिड किटने परत लावायचेत, पण किटची फाइल परचेसमध्ये अडकलीय आणि तिकडचं कोणी फोन उचलत नाही.