टाळ, टँकर, जनरेटर

वारीतल्या दिवे घाटाबद्दल सगळेच लिहितात, मी लिहीत नाही. घाटात माझ्या रेकॉर्डरवर फक्त वारा आला. मायक्रोफोनला केसाळ टोपडं घातलं होतं, तरी टाळमृदंग वाऱ्याखाली बुडाले. मग जेजुरी, वाल्हे, नीरास्नान, लोणंद. चिखल, काकडा, पाण्याची रांग. कुठला आवाज कुठल्या गावचा, हे आता फाईलींच्या नावांवरूनच कळतं.

आवाज गोळा करायला वारीला गेलो होतो म्हटलं की लोकांना वाटतं, अभंग रेकॉर्ड करायला. अभंग चांगल्या गळ्यांतून आणि चांगल्या यंत्रांवर कधीच रेकॉर्ड झालेत. मला अभंगाच्या आजूबाजूचं हवं होतं. तंबूचे खुंटे ठोकण्याचा आवाज, ताडपत्रीवरचा पाऊस, ट्रकच्या फाळक्याची साखळी, पहाटे अंधारात एकाच वेळी खोकणारी पन्नास माणसं. १९४८ साली पॅरिसमध्ये पिएर शेफर या संगीतकाराने रेल्वे स्टेशनवर जाऊन इंजिनांचे, शिट्यांचे, रुळांचे आवाज मुद्रित केले आणि त्यांतूनच रचना बांधली. त्यालाही संगीतच म्हणतात, आणि मीही म्हणतो. दिंडीत मात्र हे कुणाला सांगितलं नाही. आमचे विणेकरी तसे शांत, पण त्यांच्यासमोर रेल्वेला संगीत म्हणायची छाती नव्हती.

चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं. धुळीत घोडा दिसला नाही, टापा मिळाल्या.

तरडगाव सोडल्यावर दुपारी डाव्या टाचेचा फोड फुटायच्या बेतात आला. आधी वाटलं, नाम घेत चालू. पण ठणका लागला की नाम राहतं बाजूला, आणि पुढचा माणूस पाय ओढत का चालतोय, मागचा टाळ कानाशीच का वाजवतोय, असलंच डोक्यात येतं. शेजारून पाण्याचा टँकर हॉर्न दाबत गेला. रस्त्याकडेला स्वागताच्या मांडवात कर्णा लावून कुणाचं तरी भाषण चाललं होतं. चिडून दिंडीतून बाहेर पडलो आणि बाभळीखाली बसलो. रेकॉर्डर चालूच होता, बंद करायलाही कंटाळा आला होता.

हेडफोन कानांवरच होते. दिंड्या समोरून जात होत्या. एकीचा टाळ दूर जाताना मंद होत होता, दुसरीचा जवळ येत होता, आणि दोघींची लय सारखी नव्हती. मध्ये काही पावलं अशी यायची की ठोके एकमेकांत अडकत, सुटत, परत जुळत. शंभर मीटरवरच्या टाळाचा ठोका कानाशी पोचायला साधारण ०.३ सेकंद लागतात, त्यामुळे लांबलेल्या एकाच दिंडीतही पुढचा आणि मागचा टाळ कानाला एकत्र येत नाहीत. अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइशने १९६५ साली दोन टेपयंत्रांवर एकच फीत लावली, ती हळूहळू एकमेकींपासून सरकू दिली, आणि त्या सरकण्यातून त्याला आख्खी रचना मिळाली. इथे ते फुकट चाललं होतं, तेही न थांबता. टाच विसरलो होतो.

“माउली, जोडा काढ बघू.”

आजी कुठल्या दिंडीतली ते विचारायचं राहून गेलं. डोक्यावर तुळस होती. ती उतरवून नीट सावलीत ठेवली, मग कनवटीची डबी काढली. सुई काडेपेटीच्या काडीवर तापवली, फोडातून आरपार दोरा ओवला आणि दोन्ही टोकं बाहेर ठेवून कापला. “दोरा काढू नगंस. पानी झिरपून जाईल.” मी ओरडलो. ती हसली. “एवढं वरडतोस, मग इठ्ठल म्हन की.”

मग तिचं लक्ष हेडफोनकडे गेलं. दिले. पदरावरूनच तिने ते कानांवर बसवले, आणि तिचा चेहराच बदलला.

“आगं बाई! केवढा हा गलका! हे समदं आत्ता वाजतंय?”

“आत्ताच.”

तिने एक कान मोकळा केला, परत झाकला, परत मोकळा केला. लहान मुलासारखा तिचा हा खेळ बराच वेळ चालला. “असं काढलं की टाळ. लावलं की टेंपू, टँकर, त्या लेकराचं रडनं, समदंच.” मायक्रोफोनला कुणाचंच कौतुक नसतं. इतकी वर्षं चालून तिच्या कानाने टाळ तेवढा वेचायला शिकून घेतलं होतं. मला उलटं शिकायचं होतं, आणि त्या दुपारी कुणाचा कान बरा ते मला ठरवता आलं नाही. अजूनही येत नाही. तिने हेडफोन परत दिले. “तू ऐक बाबा,” म्हणाली, आणि तुळस डोक्यावर घेऊन चालती झाली. तिची एक चप्पल फटफट वाजत होती. ती माझ्याकडे आहे, साधारण अर्धा मिनिट.

शेफरचं म्हणणं, आवाज कशातून निघाला ते विसरा, नुसता आवाज ऐका. संगीतकार ल्युक फेरारीचं उलट. त्याने समुद्रकाठच्या एका गावात खिडकीत मायक्रोफोन ठेवून पहाटा मुद्रित केल्या आणि गाव गावासारखंच ऐकू येऊ दिलं. मी फेरारीच्या बाजूचा. टाळ म्हणजे नुसता पितळेचा नाद असं वारीत कुणी ऐकू शकेल, यावर माझा विश्वास नाही.

अपवाद एकच. फलटणच्या पुढे कुठेतरी, रात्री हरिपाठाला तंबूशेजारी जनरेटर लावला. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे त्या घरघरीत १००च्या आसपास एक ठाम सूर असतो. वीणा त्याच्या जवळपास लागली होती, पण नेमकी नाही. दोन सुरांत सेकंदाला दोन-तीन कंपनांचा फरक असला की आवाज सेकंदाला तितक्याच वेळा फुगतो आणि ओसरतो. माझा हरिपाठ कुठल्याशा अभंगावर सुटला आणि मी ते फुगणं-ओसरणंच ऐकत बसलो. शेजारच्या काकांनी कोपर मारलं. झोप लागली असं त्यांना वाटलं. जनरेटरवाल्याचा रागही आला होता, तो वेगळाच.

माळशिरस, वेळापूर. खुडूसला रिंगण.

वाखरीच्या अलीकडे एका तळावर समाजआरतीला चोपदारांनी दंड उंचावला आणि टाळ थांबले. ज्या दिंडीची तक्रार असते तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. त्या संध्याकाळी वाजत राहिले ते आमचे. सकाळी पाणी मिळालं नव्हतं. सगळा तळ आमच्याकडे बघत होता आणि आमचे लोक त्वेषाने ठोकत होते. मी रेकॉर्डर एका पोराच्या हातात दिला, काकांकडून टाळ मागून घेतला आणि वाजवायला लागलो. त्या फाईलमध्ये एक टाळ सरळसरळ लय सोडून वाजतो, आणि मागे पोरगा विचारतो, “काका, ह्यात लाल दिवा लागलाय, चालंल का?”