आधी पाणी, शाळा की कामधंदा?

एखाद्या गावासाठी काही करायचं मनात आलं की लोक मला फोन करतात आणि थोड्याफार फरकाने एकच विचारतात: शाळेची खोली बांधावी, पोरांना हातचं काम शिकवावं, की पाण्याची सोय करावी? मी बरीच वर्षं हापसे बसवण्याच्या आणि दुरुस्तीच्या कामात, तेव्हा हा ‘पाणी’च म्हणणार असं धरूनच विचारतात. म्हणतोही तेच. पण पुढे एक पुरवणी असते, आणि तिथपर्यंत बहुतेकांचा फोन आटोपलेला असतो. म्हणून लिहूनच काढतो.

पाणी आधी का, तर साधा हिशेब करा. माणशी 20 लिटर म्हणजे अगदी ओढाताणीचं पाणी. पाच जणांच्या घराला 100 लिटर, म्हणजे 20 लिटरच्या कॅनच्या पाच खेपा. जाणं, रांग, भरणं, येणं मिळून खेपेला अर्धा तास धरा. (स्रोत सुरक्षित बांधणीचा असेल आणि पाणी या अर्ध्या तासात घरी येत असेल, तर जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ त्याला ‘मूलभूत सोय’ म्हणतात.) झाले अडीच तास, रोजचे. ते घरातलं कोण देतं हे सांगायला नको. हजेरीपटावर मुलींच्या नावापुढे गैरहजेरी दिसते, तिचं कारण बरेचदा त्या रांगेत उभं असतं.

आता पुरवणी.

हापसा बंद पडतो तो बहुधा जमिनीखाली. सिलिंडरमधल्या दट्ट्याला वाटीसारखे वायसर असतात, पूर्वी चामड्याचे, आता रबराचे. ते झिजले की दट्टा पाणी उचलत नाही, ते कडेने खाली निसटतं. बाई हापसत राहते आणि तोटीतून नुसती हवा. वायसर मुठीत मावतो. पण 1970च्या दशकात भारतात तयार झालेला आणि पुढे कितीतरी देशांत गेलेला इंडिया मार्क 2 हा हापसा घ्या. त्यात हा वायसर बदलायचा तर सगळी पाइपांची माळ वर काढावी लागते. 30 मीटर खोल असेल तर तीन-तीन मीटरचे दहा लोखंडी पाइप, एकेक उचलायचा, पकडीत धरायचा, आटे सोडवायचे. पकड सुटली की माळ बोअरच्या तळाशी. म्हणून पुढे मार्क 3 आला, त्याचे पाइप रुंद, दट्टा आतूनच वर ओढता येतो. आफ्रिदेव पंपही गावातल्या माणसाला मोजक्या हत्यारांनी खोलता यावा असाच बनवलाय.

हे सगळं मला ठाऊक होतं, तरी एका गावात आम्ही चार दिवसांत पंप बसवला, फोटो काढले आणि निघालो. सात महिन्यांनी गेलो तर दांड्यावर कपडे वाळत घातलेले. वायसर गेला होता आणि पंप खोलायचे पाने (स्पॅनर) आमच्याच गाडीत. एक आजी म्हणाल्या, “हे बंद पडतं म्हणून आधी सांगायचंत ना.”

तेव्हापासून पंपाबरोबर शिकवणी. राजस्थानात तिलोनियाच्या बेअरफुट कॉलेजने फारसं न शिकलेल्या माणसांनाही हापसा दुरुस्त करायला शिकवलं, त्यामुळे ‘यांना जमेल का’ हा प्रश्न मी ऐकूनच घेत नाही. जमतं. अडतं ते मजुरीवर. दुरुस्तीचे पैसे घरटी गोळा होत नसतील तर शिकलेला माणूस फुकट किती दिवस येईल? आणि हातचं काम म्हणजे सरसकट शिवणवर्ग, हेही मला पटत नाही. एका गावात चाळीस जणी शिवायला शिकल्या तर कपडे शिवून घेणार कोण?

शाळा कुठे लागते, तर टाकीपाशी. जंतू मारायला 5000 लिटरच्या टाकीत लिटरला 2 मिलिग्रॅम क्लोरीन पडायला हवं आणि ब्लीचिंग पावडरीत ते 33 टक्के आहे, तर पावडर किती? 30 ग्रॅम. टक्केवारीचं हे गणित न येणारा माणूस मूठभर टाकतो किंवा टाकतच नाही. अर्ध्या तासाने ओटी चाचणी, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते थेंब टाकून बघायची चाचणी, करायची, पिवळा रंग आला का बघायचा आणि वहीत लिहायचं.

पाणी नितळ आहे म्हणूनही निर्धास्त राहू नये. बांगलादेशात जंतूंपासून वाचायला खोदलेल्या असंख्य कूपनलिकांत 1990च्या दशकात आर्सेनिक सापडलं. त्याला रंग नाही, वास नाही, उकळून ते जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम, आणि ती ओलांडली का हे प्रयोगशाळेतच किंवा चाचणीच्या संचानेच कळतं.

तेव्हा पैसे पाण्यालाच द्या. फक्त पान्यांचा संच गावात कोणाच्या घरी राहणार आणि त्या घराला मजुरी कोण देणार, एवढं ठरवा आणि मग मला फोन करा.