कॅन्ससचं बझार आणि आमचं शेलूबाजार

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात विचिटाहून कॅन्सस सिटीकडे निघालं की टर्नपाइकवर, म्हणजे तिथल्या टोलच्या महामार्गावर, १११ व्या मैलाच्या आसपास एक उतार, म्हणजे रस्त्यावरून बाहेर पडायचा फाटा, लागतो. बाकी सगळ्या उतारांना नंबर आहेत, याला नाही. तो ढोरांसाठी आहे! जवळच्या वस्तीचं नाव बझार. पहिल्यांदा वाचलं तेव्हा गाडीत एकटाच हसलो. आमचं गाव वाशीम जिल्ह्यातलं. समृद्धीवरून घरी जायचं तर उतरायचं शेलूबाजारला.

हा भाग फ्लिंट हिल्सचा. मातीत गारगोटी इतकी, की नांगर चाललाच नाही आणि गवत राहून गेलं. वसंतात ट्रकच्या ट्रक भरून गुरं इथे चरायला येतात. ती उतरवायला रस्त्यालगत वाडे आहेत.

मी हे फोनवर काकांना सांगितलं.

"म्हंजे तिकडं ढोराईले फाटक हाये, अन् आमाले मोरी!"

काकांच्या वावराचे समृद्धीने दोन तुकडे केले. पूर्वी पांदणीने बंडी सरळ जायची; आता बोगदा गाठायला वळसा. रस्त्याची बाजू घ्यायची तर, १२० च्या वेगाने गाड्या धावणार तिथे मध्येच बैलजोडी येऊन कशी चालेल? इथेही दोन्ही बाजूंना कुंपण आहे, आणि वेगमर्यादा ७५ मैल, म्हणजे तेच १२०. फरक लांबीचा: हा २३६ मैल, जेमतेम ३८० किलोमीटर, समृद्धी ७०१. आणि समृद्धीची आखणीच मुळात १५० च्या वेगासाठी. त्यामुळे वळणं इतकी सैल, की वळल्याचं कळतच नाही. डोळा लागायची भीती मला तिथेच जास्त वाटते.

टर्नपाइकवर चहापाण्याचे थांबे जाणाऱ्या आणि येणाऱ्या रस्त्यांच्या मधोमध आहेत. येणारे-जाणारे एकाच ठिकाणी जेवतात, एकच पंप दोघांना पुरतो. खर्च वाचला, पण बाहेर पडायचं डावीकडून, आणि इथे डावी लेन वेगवान गाड्यांची. मला अजूनही धडकी भरते.

हा रस्ता १९५६ चा. तेव्हा पलीकडे ओक्लाहोमाचा भाग तयारच नव्हता, त्यामुळे सीमेवर तो ओटच्या शेतात संपायचा. बेसावध गाड्या थेट पिकात शिरायच्या. आपल्याकडे नागपूर ते शिर्डी २०२२ च्या डिसेंबरात सुरू झाला आणि शेवटचा इगतपुरी–आमणे तुकडा २०२५ च्या जूनमध्ये. पण गाडी निदान कुणाच्या तुरीत गेली नाही.

टोलनाकेही इथे आता उरले नाहीत. कॅमेरा नंबरप्लेट टिपतो, टॅग नसेल तर बिल घरी येतं.

काकांना मात्र अजून बझारचंच कुतूहल होतं. "मंग त्या ढोराच्या ट्रकलेबी टोल लागते?"

लागतो म्हटलं. चाकांचे आस मोजून घेतात, जितके आस तितका जास्त.

"मंग बराबर हाये," काका म्हणाले आणि फोन काकूकडे दिला.