एका जिवाणूच्या मागावर

‘माजी विद्यार्थ्यांनी आपल्या क्षेत्राविषयी लिहावे’ असे स्मरणिका समितीने कळवले. माझे क्षेत्र जीवभौतिकी. आपल्या वेळापत्रकात भौतिकशास्त्राचा तास वेगळा, जीवशास्त्राचा वेगळा आणि मध्ये बहुधा मधली सुट्टी. हे क्षेत्र त्या सुट्टीत बसते म्हणा ना! माझ्याविषयी सांगण्यासारखे फारसे नाही, म्हणून ज्याच्या कामातून हे क्षेत्र सर्वांत स्वच्छ दिसते त्या हॉवर्ड बर्ग यांच्याविषयी लिहितो. आकडेमोड नववी-दहावीच्या मुलांना झेपेल एवढीच आहे.

बर्ग यांचा जन्म १९३४ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा सिटीत झाला. कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेतून रसायनशास्त्राची पदवी, मग काही काळ हार्वर्डला वैद्यकीचे शिक्षण, ते सोडून भौतिकी. १९६४ ची पीएच.डी. भौतिकशास्त्रज्ञ नॉर्मन रॅम्से यांच्याकडे, हायड्रोजन मेसर या अतिशय अचूक आण्विक घड्याळावर. म्हणजे अणूंच्या कंपनांची नेमकी मोजणी करणारा हा माणूस. पुढे कोलोरॅडो, पुन्हा कॅलटेक आणि १९८६ पासून हार्वर्ड. २०२१ च्या डिसेंबरात ते गेले. पन्नासहून अधिक वर्षे त्यांनी प्रामुख्याने एकाच जिवाच्या हालचालीचा पिच्छा पुरवला: आपल्या आतड्यात राहणारा एश्चेरिचिया कोलाय, म्हणजे ई. कोलाय.

हा जिवाणू साधारण २ मायक्रोमीटर लांब, १ मायक्रोमीटरहून थोडा कमी जाड. सेकंदाला २० ते ३० मायक्रोमीटर पोहतो, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या दहापट किंवा अधिक. या आकारमानाला पाणी आपल्याला वाटते तसे उरत नाही. विहिरीत सूर मारल्यावर हात-पाय थांबवले तरी आपण पुढे सरकतो, कारण जडत्व. जिवाणूने पोहणे थांबवले तर तो हायड्रोजनच्या एका अणूच्या व्यासाएवढेही अंतर पुढे जात नाही. चिकटपणा सर्वस्व, जडत्व शून्यवत. त्यामुळे वल्ह्यासारखे पुढे-मागे हलवून त्याला काहीच साधत नाही; मागच्या फटक्याने मिळवलेले पुढच्या फटक्याने जाते. स्क्रूसारखे काहीतरी फिरवावेच लागते. आता विसरण, म्हणजे रेणूंचे आपोआप पसरत जाणे, बघा. साखरेसारख्या लहान रेणूला १ मायक्रोमीटर पसरायला अर्धा मिलिसेकंद लागतो. अंतराच्या वर्गाने वेळ वाढतो, म्हणून १ सेंटिमीटरला सुमारे १४ तास. न ढवळलेला चहा गोड का लागत नाही, त्याचे उत्तर याच हिशेबात आहे. आणि जिवाणूला ढवळण्याची गरज का नाही, त्याचेही.

जिवाणू पोहतो कसा हे कळायला आधी त्याचा माग काढायला हवा, आणि अडचण तिथेच होती. जास्त वर्धनाच्या भिंगाची स्पष्ट दिसण्याची खोली एक-दोन मायक्रोमीटर. जिवाणू सेकंदाच्या आत वर किंवा खाली निसटतो. बर्ग यांनी उलटा विचार केला: जिवाणू हलतो तर हलू द्या, आपण डबीच हलवू. जिवाणूची प्रतिमा जोडीजोडीने लावलेल्या प्रकाशतंतूंवर पाडायची. डाव्या तंतूत उजेड जास्त आला तर तो डावीकडे सरकला. दोन्ही तंतूंतल्या उजेडाचा फरक वर्धित करून विद्युतचुंबकी कॉइलना द्यायचा आणि त्या कॉइलनी जिवाणूंची इवली डबी उलट बाजूला सरकवायची. पुढे-मागे आणि वर-खाली यांसाठीही तीच युक्ती. जिवाणू भिंगाखाली जागच्या जागी राहतो आणि डबी किती हलवावी लागली, हीच त्याच्या वाटेची नोंद होते. यंत्राचे वर्णन १९७१ मध्ये आले, निष्कर्ष १९७२ मध्ये, डग्लस ब्राऊन यांच्यासह.

निष्कर्ष असा. जिवाणू सरासरी एक सेकंद जवळजवळ सरळ धावतो, मग सेकंदाचा दहावा भाग जागीच कोलांटी खातो आणि नव्या दिशेला निघतो. नवी दिशा जुनीशी सरासरी ६८ अंशांचा कोन करते. दिशा पूर्ण यदृच्छ असती तर हा कोन ९० आला असता. अन्न वाढत असलेल्या दिशेने तो चालला असेल तर धाव लांबते. उलट्या दिशेला मात्र धाव फारशी आखूड होत नाही. म्हणजे तो अन्नाकडे ‘वळत’ नाहीच. बरे चालले असेल तर वळणे लांबणीवर टाकतो, एवढेच. पाठ्यपुस्तकांत ‘जिवाणू अन्नाकडे आकर्षित होतात’ असे वाक्य दिसले की मला ते खोडावेसे वाटते.

बरे चालले आहे हे त्याला कळते कसे? डोके आणि शेपूट यांच्याजवळच्या अन्नातला फरक मोजून नव्हे. बर्ग, सीगल आणि ब्लॉक यांनी १९८६ मध्ये दाखवले की तो गेल्या एका सेकंदातली अन्नाची सरासरी त्याआधीच्या तीन सेकंदांच्या सरासरीशी ताडून पाहतो. स्मरण एवढेच का? कारण पाण्याचे रेणू त्याला सतत धक्के देत असतात. एका सेकंदाच्या धावेत तो सुमारे २७ अंश भरकटतो, दहा सेकंदांत ९० अंशांच्या घरात. त्याहून जुनी माहिती वेगळ्याच दिशेची असते, ती ठेवून उपयोग काय?

जिवाणू पोहतो तो कशाभिकांनी, म्हणजे अंगावरच्या लांब, बारीक तंतूंनी. सत्तरच्या दशकापर्यंत समज होता की कशाभिका चाबकासारखी लाटा मारते. १९७३ मध्ये बर्ग आणि अँडरसन यांनी उपलब्ध पुरावे तपासून मांडले की ती मुळाशी असलेल्या मोटरने फिरते. पुढच्याच वर्षी सिल्व्हरमन आणि सायमन यांनी ते डोळ्यांना दाखवले: कशाभिका प्रतिपिंडाने काचेला चिकटवली की धडच गरगरू लागते.

हा प्रयोग आजही प्रयोगशाळांत शिकवला जातो आणि नवख्यांच्या हातून हमखास फसतो, म्हणून थोडे सविस्तर. जिवाणू ३७ ऐवजी ३० ते ३३ अंशांवर वाढवतात, कारण त्या तापमानाला कशाभिका जास्त तयार होतात. माध्यमात ग्लुकोज घालायचे नाही. ग्लुकोज असले की ई. कोलाय कशाभिका बनवण्याचे कामच आवरते घेतो. मग सेंट्रिफ्यूजमध्ये हलक्या वेगाने खाली बसवून धुवायचे. जोरात फिरवले तर तंतू तुटतात. धुण्याचे द्रावण म्हणजे १० मिलिमोलर पोटॅशियम फॉस्फेट, पीएच ७, त्यात ०.१ मिलिमोलर ईडीटीए, म्हणजे धातू बांधून ठेवणारे रसायन. ईडीटीए विसरलात तर पाण्यातल्या जड धातूंच्या अंशाने पोहणे मंदावते. ऊर्जेसाठी १० मिलिमोलर लॅक्टेट आणि शिवाय १ मायक्रोमोलर मेथिओनाइन हे अमिनो आम्ल. मेथिओनाइन नसेल तर जिवाणू धावत राहतात, पण कोलांट्या बंद होतात. आता उलट, तंतू मुद्दाम आखूड करायचे: दोन सिरिंजच्या सुया बारीक नळीने जोडून द्रावण पन्नास-साठ वेळा इकडून तिकडे ढकलायचे. कमी वेळा ढकलले तर लांब तंतू उरतात आणि एक धड दोन-तीन ठिकाणी चिकटून गप्प बसते. नीट जमले तर पडद्यावर जिवाणूंची धडे गरगरताना दिसतात, सेकंदाला दहापर्यंत फेरे. मोकळ्या पोहणाऱ्या जिवाणूत हीच मोटर शंभराच्या आसपास फेरे घेते. धडाचे ओझे नसल्याचा हा फरक. झाकलेल्या स्लाइडमध्ये काही मिनिटांनी सगळे थंडावले, तर मोटर बिघडली असे समजू नये. प्राणवायू संपलेला असतो. हवेच्या बुडबुड्याच्या कडेला भिंग न्या, तिथे वर्दळ चालूच असते.

मोटर सुमारे ४५ नॅनोमीटर व्यासाची, आणि ती चालते प्रोटॉन आत येण्याच्या ओघावर. तंतूच्या मोकळ्या टोकाकडून पाहिले तर घड्याळाच्या उलट फिरताना सगळे तंतू एका जुडीत येतात आणि धाव होते; एखादी मोटर उलटली की जुडी विस्कटते, कोलांटी. मला मात्र ब्लॉक आणि बर्ग यांचा १९८४ चा प्रयोग सर्वांत देखणा वाटतो. मोटरचा एक प्रथिनभाग नसलेला, पांगळा जिवाणू काचेला बांधायचा आणि ते प्रथिन हळूहळू तयार होऊ द्यायचे. वेग सावकाश चढत गेला नाही. एकसारख्या पायऱ्यांनी चढला, आठपर्यंत पायऱ्या. प्रत्येक पायरी म्हणजे एक नवा बलजनक घटक जागेवर बसला. मोटर न उघडता तिचे भाग मोजले गेले.

१९७७ मध्ये बर्ग यांनी भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड पर्सेल यांच्यासोबत केलेला हिशेब तर कागदावर होतो. १ मायक्रोमीटर त्रिज्येच्या गोल पेशीवर १ नॅनोमीटर त्रिज्येचे ग्राही, म्हणजे रेणू पकडणारे, ठिपके विखुरले आहेत असे धरा. सगळा पृष्ठभाग शोषक असता तर जेवढे रेणू मिळाले असते, त्याच्या निम्मे मिळवायला किती ठिपके लागतील? त्रिज्यांचे गुणोत्तर गुणिले पाय (π), म्हणजे १००० × ३.१४, सुमारे ३१००. त्यांचे एकूण क्षेत्रफळ पृष्ठभागाच्या हजाराव्या भागाहूनही कमी भरते. कारण पेशीला एकदा धडकलेला रेणू लगेच दूर जात नाही. तो आसपास घोटाळत पुन्हा पुन्हा धडकतो आणि एखाद्या ठिपक्यावर सापडतोच. म्हणून एकाच पेशीवर कितीतरी जातींचे ग्राही निवांत मावतात.

शाळेच्या प्रयोगशाळेत यातले काय जमेल? ई. कोलायच्या वाटेला जाऊ नका. दह्याचे जिवाणू घेऊ नका, ते पोहत नाहीत. मूठभर वाळलेले गवत बारीक कापून दहा-पंधरा मिनिटे उकळा, गाळा आणि कापड बांधून दोन-तीन दिवस ठेवा. उकळीतही तगणाऱ्या बीजाणूंतून बॅसिलस जातीचे जिवाणू वाढतात. वर साय धरली की तिच्या खालचा थेंब स्लाइडवर घेऊन कव्हरस्लिप ठेवा. ४० चे भिंग, १० ची नेत्रिका. २ मायक्रोमीटरचा जिवाणू तेव्हा ०.८ मिलिमीटर दिसतो. पण तो पारदर्शक असतो. उजेड भरपूर ठेवलात तर काहीच दिसणार नाही. डायफ्रॅम जवळजवळ मिटा.

सगळे ठिपके एकाच दिशेला चालले असतील तर तो पाण्याचा ओघ आहे, कव्हरस्लिपच्या कडेला व्हॅसलीन लावा. जागच्या जागी थरथरत असतील तर ते रेणूंचे धक्के. शेजारचा एक इकडे आणि दुसरा तिकडे निघाला, मध्येच थबकून दिशा बदलली, तरच ते पोहणे. एखादा निवडून त्याचा माग धरून पाहा. एका हाताने स्लाइड, दुसऱ्याने फोकसचा खटका. काही क्षणांत तो निसटेल. काम झाल्यावर स्लाइड आणि उरलेला काढा ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवून मग ओता, आणि हात साबणाने धुवा.